जेरीमँडरमधला गेरी

मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा विषय निघाला की आपल्या वर्तमानपत्रांतही ‘जेरीमँडरिंग’ हा शब्द डोकावतो. सत्ताधाऱ्यांनी सोयीने कापलेले मतदारसंघ, एवढा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. ज्याच्या नावावरून तो आला त्या एल्ब्रिज गेरीविषयी मात्र बरंचसं ऐकीवच. अगदी उच्चारसुद्धा! आडनाव ‘गेरी’, ग गेरूतला. शब्दही आधी ‘गेरीमँडर’ होता; लोकांच्या तोंडी त्याचा ‘जेरी’ झाला.

ही युक्ती गेरीने शोधली, असं सर्रास म्हटलं जातं. ती त्याच्या आधीची. व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्रीने जेम्स मॅडिसनला पाडण्यासाठी मतदारसंघ बेतला, असा आरोप १७८८-८९ च्या निवडणुकीतच झाला होता. मॅडिसन तरीही निवडून आला.

मग निदान तो कुप्रसिद्ध नकाशा तरी गेरीने काढला असेल? तोही नाही. १८१२ साली तो मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर होता आणि राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ नव्याने आखले ते विधिमंडळातल्या त्याच्या डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन पक्षाने. गेरीला हे मुळीच रुचलं नव्हतं, असं त्याच्या जावयाने चरित्रात लिहिलंय. जावई सासऱ्याची बाजू घेणारच म्हणा. पण ते खरं धरलं तरी नकाराधिकार हाताशी असताना ११ फेब्रुवारीला विधेयकावर सही केली ती गेरीनेच. तेव्हा त्याला सोडून देता येत नाही.

एसेक्स काउंटीतला एक मतदारसंघ चेल्सीपासून सॅलिसबरीपर्यंत कडेकडेने वळसा घालत गेला होता. २६ मार्चला ‘बॉस्टन गॅझेट’ने त्या आकाराला पंख आणि नखं लावून छापलं, आणि सॅलमँडर या पालीसारख्या प्राण्याच्या नावाला गेरीचं नाव जोडून त्याचं बारसं केलं. गेरीचं जन्मगाव मार्बलहेडही त्या राक्षसाच्या अंगातच आलं. हे चित्र गिल्बर्ट स्टुअर्टचं, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. अभ्यासक ते एल्काना टिस्डेलचं मानतात.

युक्ती लागू पडली. सिनेटसाठी विरोधी फेडरलिस्टांना ५१,७६६ मतं आणि ११ जागा. गेरीच्या पक्षाला ५०,१६४ मतं आणि २९ जागा. मग गेरीचं काय झालं? गव्हर्नर निवडायला सगळं राज्य मिळून एकच मतदारसंघ, तिथे नकाशाची मात्रा कशी चालणार? केलेब स्ट्राँगने त्याला हरवलं.

इथे त्याची कारकीर्द संपली, हाही गैरसमजच. १८१३ मध्ये तो अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. राष्ट्राध्यक्ष कोण? तोच व्हर्जिनियाचा मॅडिसन!

खरं तर गेरीची ओळख १८१२ च्या बरीच आधीची. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. १७८७ च्या राज्यघटनेवर मात्र नाही. अधिवेशनात शेवटपर्यंत बसूनही जॉर्ज मेसन आणि एडमंड रँडॉल्फ यांच्यासह त्याने सही नाकारली. नागरिकांच्या हक्कांची सनद तीत नाही, ही त्याची एक मोठी तक्रार होती. तशी सनद १७९१ मध्ये घटनेला जोडली गेली, तेव्हा तो प्रतिनिधिगृहाचा सदस्य होता.

२३ नोव्हेंबर १८१४ रोजी, उपराष्ट्राध्यक्षपदावर असतानाच, सत्तराव्या वर्षी तो वारला. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांपैकी वॉशिंग्टन शहरात दफन झालेला तो एकटाच.