‘श्री’ची लांबी किती?

लायब्ररी म्हटलं की आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांना पुस्तकांची कपाटं आठवतात. मी लिहितो ती लायब्ररी वेगळी. वेबसाइटच्या सर्व्हरवर प्रत्येक प्रोग्रामरला जी कामं पुन्हापुन्हा करावी लागतात, ती एकदाच नीट लिहून सगळ्यांच्या हाती द्यायची. ब्राउझरची विनंती वाचायची, उत्तर तयार करायचं, परत धाडायचं. यातलं कोणतं काम लायब्ररीनं अंगावर घ्यायचं आणि कोणतं वापरणाऱ्यावर सोडायचं, हे ठरवण्यातच कस लागतो.

आपल्याच भाषेतलं उदाहरण घ्या. उत्तर पाठवताना सर्व्हर बहुधा मजकुराची लांबी आधी सांगतो. त्या ओळीला ‘कंटेंट-लेंग्थ’ म्हणतात. ही लांबी अक्षरांत नव्हे, बाइटमध्ये मोजायची असते. रोमन लिपीत ‘श्री’ लिहिलं तर ४ अक्षरं आणि ४ बाइट. देवनागरीत मात्र आपल्याला एकच अक्षर दिसतं. युनिकोडच्या लेखी ती ४ चिन्हं: श, पाय मोडल्याची खूण, र आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे एकूण १२. लायब्ररीनं चिन्हं मोजून ‘४’ सांगितलं, तर ब्राउझर ४ बाइट वाचून थांबतो. ‘श’ तेवढा पोचतो, पुढच्या खुणेचा तुकडा पोचतो, बाकीचं वाटेतच राहतं. फक्त रोमन लिपीत चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधी दिसतच नाही, कारण तिथं दोन्ही आकडे सारखेच येतात.

म्हणून माझा पहिला नियम: मोजणी वापरणाऱ्यावर सोडायची नाही. त्यानं मजकूर द्यावा. त्याचे बाइट करणं आणि ते मोजणं लायब्ररीनं उंबरठ्यावर उरकावं.

पायथनच्या जगात २००३ साली ‘डब्ल्यूएसजीआय’ हा सर्व्हर आणि प्रोग्राम यांच्यातला करार लिहिला गेला. त्याआधी एक फ्रेमवर्क निवडलं की सर्व्हरची निवडही आपोआप आक्रसायची. करार छोटासा: सर्व्हरनं विनंतीची माहिती आणि उत्तर सुरू करण्याचं साधन द्यायचं, प्रोग्रामनं उत्तर द्यायचं. पुढे पायथन ३ मध्ये मजकूर आणि बाइट वेगळे झाले, तेव्हा २०१० साली करार सुधारावा लागला. उत्तराचा मजकूर बाइटमध्येच हवा, हे त्यात स्वच्छ सांगितलं आहे.

अशी सुधारणा सोपी नसते. लायब्ररी एकदा लोकांच्या हाती गेली की तिच्यावर इतरांचे प्रोग्राम उभे राहतात. पाया हलवला की वरचं सगळं हलतं. म्हणून विचार आधीच करावा लागतो. एखाद्या आजींचं नाव फॉर्मवर अर्धवट उमटलं, तर त्या म्हणतात, “मला मेलं हे कॉम्प्युटर जमतच नाही.” त्यांचं काहीच चुकलेलं नसतं. त्यांच्या लिपीचा विचार कुणीतरी, कुठेतरी करायचा राहिलेला असतो.

पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहायची आपली जुनी रीत. माझ्या लायब्ररीची पहिली चाचणीही ‘श्री’नंच सुरू होते, आणि उत्तर १२ आल्याशिवाय पुढे सरकत नाही.