घड्याळाशी शर्यत आणि तिची सायकल

२३ जुलै १९८९ रोजी व्हर्साय ते पॅरिस या साडेचोवीस किलोमीटरांच्या रस्त्यावर टूर द फ्रान्स या महाशर्यतीचा शेवटचा टप्पा झाला. तीन आठवडे आणि तीन हजारांहून अधिक किलोमीटर चालून आलेल्या या शर्यतीत फ्रान्सचा लोराँ फिन्याँ हा अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडच्या पुढे होता, तो ५० सेकंदांनी. एवढ्या थोड्या अंतरात एवढी पिछाडी भरून निघणे नाही, असाच बहुतेक जाणकारांचा होरा होता. लेमाँडने ते अंतर २६ मिनिटे ५७ सेकंदांत कापले. फिन्याँला त्याहून ५८ सेकंद अधिक लागले. आणि सबंध शर्यत अवघ्या ८ सेकंदांनी लेमाँडच्या पदरात पडली.

त्या दिवशी लेमाँडच्या हँडलवर पुढे निघालेल्या दोन दांड्या जोडलेल्या होत्या. त्यांवर कोपरे टेकून, हात एकमेकांजवळ घेऊन, बर्फाच्या उतारावरून घसरत येणाऱ्या खेळाडूसारखा तो वाकला होता. ही युक्ती मुळी बून लेनन या स्कीइंगच्या अमेरिकन प्रशिक्षकाची. फिन्याँच्या सायकलीला पुढेमागे तबकडीसारखी बंद चाके होती, म्हणजे यंत्राच्या बाजूने काही उणे नव्हते. परंतु त्याचे हात रुंद फाकलेले, डोके उघडे आणि मागे केसांची शेपटी वाऱ्यावर उडत होती. बैठकीच्या जागी झालेल्या गळवाने तो बेजार होता हेही सांगितले पाहिजे. सारे श्रेय त्या दोन दांड्यांना देणे न्यायाचे होणार नाही. तथापि, वेगासाठी पैसा खर्चावयाचा तर तो नेमका कशावर, हा प्रश्न त्या सत्तावीस मिनिटांत जितका स्पष्ट झाला, तितका क्वचितच झाला असेल.

या प्रकारच्या शर्यतीला ‘टाइम ट्रायल’ म्हणतात. तीत घोळका नसतो. एकेक स्पर्धक ठराविक अंतराने, बहुधा मिनिटामिनिटाने, एकटा सुटतो आणि त्याची स्पर्धा असते ती घड्याळाशी. तिचा उगम इंग्लंडातला आणि मोठा मौजेचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथल्या सायकल संघटनेने रहदारीच्या रस्त्यांवर घोळक्याने शर्यती लावण्यास मनाई केली. तेव्हा शौकिनांनी एकेकट्याने धावण्याची तोड काढली. भल्या पहाटे, अंगभर काळे कपडे घालून, पोलिसांच्या डोळ्यांवर न येता ही मंडळी रस्त्याला लागत. आणि शर्यतीचा मार्गही गावाच्या नावाने न सांगता अक्षरे व आकडे यांच्या सांकेतिक खुणेने सांगितला जाई. ती खुणांची रीत इंग्लंडात अजून चालू आहे.

घोळक्यात धावणाऱ्याला पुढच्याच्या आडोशाने वारा चुकविता येतो. येथे तो आडोसा नाही, आणि सारे शास्त्र या एका गोष्टीतून उगवते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ताशी ३० किलोमीटरांवरून ४० वर जावयाचे तर वेग सव्वापटीहून थोडाच जास्त होतो. परंतु हवेपोटी खर्चावी लागणारी शक्ती सव्वादोन पटींच्याही वर जाते. सपाट रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने जाणारा सवार आपल्या शक्तीच्या दहा वाट्यांपैकी आठ-नऊ वाटे निव्वळ हवा बाजूला सारण्यात घालवतो. आता या अडथळ्याचे धनी कोण ते पाहावे. त्यातला तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही मोठा भाग सवाराच्या स्वतःच्या देहाचा असतो. सायकलीचा वाटा उरलेला.

गिऱ्हाईक दुकानात शिरते ते मात्र हे गणित विसरून. त्याची नजर जाते ती चाकूच्या पात्यासारख्या चपट्या कार्बनच्या चौकटीवर. दुकानदार वजनाचा आकडा सांगतो आणि गिऱ्हाईक ती सायकल एका हाताने उचलून पाहते. सपाट रस्त्यावरच्या एकाकी शर्यतीत अर्धा किलो वजनाने फारसे काही बिघडत नाही. खांदे दोन बोटे आत आले आणि मान थोडी खाली गेली, तर त्याने मात्र मिनिटाचा फरक पडू शकतो. चांगली सायकल ती, जी या माणसाच्या देहाला लहान होऊन तासभर स्वस्थ राहू देते. निवडीची पहिली कसोटी हीच.

यासाठी अशा सायकलीची ठेवण नेहमीच्या शर्यतीच्या सायकलीहून वेगळी असते. साध्या सायकलीवर बसून सवार खूप वाकला तर मांडी पोटाला भिडते, श्वास कोंडतो आणि पायातला जोर जातो. म्हणून येथे सीट पुढे आणि किंचित वर घेतात. सीटखालच्या नळीचा कोन साध्या शर्यती सायकलीत ७३ अंशांच्या आसपास असतो. येथे तो ७६ ते ८० अंशांपर्यंत उभा होतो. जणू सवाराचा सबंध देह क्रँकच्या आसाभोवती पुढे फिरवला जातो. पाठ आडवी होते, पण कमरेचा कोन मोकळा राहतो. क्रँक थोडी आखूड घेतली, समजा १७२ मिलिमीटरांऐवजी १६५ ची, तर गुडघा वर कमी येतो आणि हा कोन आणखी सुटतो. सीटही निराळी लागते. शरीराचा भार मागच्या हाडांवरून पुढच्या नाजूक भागावर येत असल्यामुळे आखूड किंवा पुढे दुभंगलेल्या टोकाच्या सीटा निघाल्या आहेत. सीटीपायी अनेक महाग सायकली भिंतीला टेकून राहिल्या आहेत, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत.

मापाच्या बाबतीत ‘मध्यम’ वा ‘मोठी’ अशा नावांवर विसंबू नये; एका कंपनीची मध्यम ती दुसरीची मोठी असू शकते. पाहावयाचे ते दोन आकडे: क्रँकच्या आसापासून चौकटीच्या पुढच्या तोंडापर्यंतची उभी उंची आणि आडवी लांबी. पहिल्यास ‘स्टॅक’ व दुसऱ्यास ‘रीच’ म्हणतात आणि प्रत्येक कंपनीच्या तक्त्यात ते दिलेले असतात. पण चौकट ही निम्मी गोष्ट झाली. कोपरे टेकावयाच्या गाद्या नेमक्या कोठे येणार, त्या वरखाली, पुढेमागे, जवळदूर किती सरकतात, हे त्याहून महत्त्वाचे. शहाणा गिऱ्हाईक आधी जाणत्या माणसाकडून स्थिर सायकलीवर आपली बैठक ठरवून घेतो, गाद्यांची जागा मिलिमीटरांत लिहून घेतो, आणि मग त्या जागी कोणती सायकल पोहोचते ते तक्त्यांत शोधतो. बहुतेक लोक याच्या उलट करतात: आधी सायकल, मग तिच्यावर मावण्याची धडपड.

पण सायकल घ्यावीच का, हा प्रश्न अगोदरचा. कित्येक लाख रुपयांची ही वस्तू एकाच कामाची आहे. साधी शर्यती सायकल घरात असेल तर लेमाँडने लावल्या तशा दांड्या तिच्यावर बसवता येतात. त्यांची किंमत नव्या सायकलीच्या मानाने किरकोळ. त्यासोबत सीट थोडी पुढे घ्यावी लागते, नाहीतर सवार ताणला जातो. अंगाबरोबर बसणारा एकसंध पोशाख, हवेला वाट देणारे शिरस्त्राण आणि कमी घर्षणाचे उत्तम टायर, ही तिन्ही मिळून जो वेळ वाचवतात तो पुष्कळदा नव्या चौकटीने वाचणाऱ्या वेळाहून अधिक भरतो. हा सारा खर्च करून, वर्षभर धावून, तरीही कमरेचा कोन अडतो असे ठरले, तर निराळी सायकल घेण्यास आधार मिळतो.

घ्यावयाचे ठरले की कोणत्या शर्यतीसाठी हे पाहावे. आंतरराष्ट्रीय सायकल संघाच्या नियमांखालील शर्यतीत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. सीटचे स्थान आणि पुढच्या दांड्यांची लांबी यांवरही बंधने आहेत, आणि दांड्यांची मर्यादा सवाराच्या उंचीप्रमाणे बदलते. पोहणे, सायकल व धावणे यांच्या त्रिविध स्पर्धेला, म्हणजे ट्रायथलॉनला, यांतली बरीच बंधने नाहीत. तिच्यासाठी निघणाऱ्या सायकलींत पाण्याच्या व खाण्याच्या पेट्या चौकटीतच असतात. परंतु अशी सायकल संघाच्या शर्यतीत पंच परत पाठवू शकतात. शिवाय ट्रायथलॉनमध्येही भेद आहे: ऑलिंपिकमध्ये घोळक्याने धावण्यास मुभा असल्याने तेथे साधी शर्यती सायकलच चालते. भारतात या सायकलींची ओळख पुष्कळांना झाली ती लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमुळे. २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ प्रथम भरली; तीत ९० किलोमीटर सायकल एकट्याने, कोणाच्या आडोशाला न राहता चालवावी लागते. तेथे ऊन व दमट हवा अशी की भोके नसलेले, लांब शेपटीचे शिरस्त्राण घालणाऱ्याने दोनदा विचार करावा.

चाकांच्या बाबतीत वाऱ्याचा विचार आधी करावा. मागचे तबकडी चाक कडेच्या वाऱ्यात सहसा सांभाळता येते, कारण त्याच्यावर सवाराचा भार असतो आणि ते वळत नाही. पुढचे खोल कडेचे चाक मात्र झोताबरोबर हँडल हिसकते. आणि कोपरे गाद्यांवर असताना ते सावरणे कठीण. हवाईतील कोना येथील जागतिक आयर्नमॅन स्पर्धेत वाऱ्यापायी तबकडी चाकाला मुळीच परवानगी नाही. हलक्या अंगाच्या सवाराने पुढे मध्यम खोलीचेच चाक घेतलेले बरे.

घाटाची गोष्ट वेगळी. सह्याद्रीच्या चढावर ताशी १२-१५ किलोमीटरांच्या वेगाने हवा फारशी आडवी येत नाही, तेथे या सायकलीचा फायदा संपतो. आणि उतारावर ती वळणांना नाखूष असते. शिवाय ब्रेक रुंद हँडलवर, हात पुढच्या दांड्यांवर. खड्डा, कुत्रे वा उलट बाजूने येणारी मोटारसायकल समोर आली की हात ब्रेकपर्यंत पोहोचण्यात जो क्षण जातो, तो पुष्कळ असतो. म्हणून सरावाचा मोठा भाग घरातल्या स्थिर यंत्रावर आणि उरलेला पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर करावा. गर्दीत दांड्यांवर झोपू नये. विजेवर चालणारे गिअर घेतले तर दांड्यांच्या टोकावरून आणि ब्रेकजवळूनही गिअर बदलता येतो. ही चैन नव्हे. त्यासाठी चौकटीची एक पायरी खाली उतरावे.

जुनी सायकल घेणे पुष्कळांना परवडते, आणि हा व्यवहार वाईटही नाही, कारण पाचसहा वर्षांपूर्वीची चौकट आजच्या चौकटीहून थोडीच मंद असते. फक्त पारख हवी. सीटची दांडी जेथे आवळली जाते तेथे कार्बनला बारीक चीर पडलेली असू शकते; तिथला रंग व पोत बोटाने तपासावा. स्थिर यंत्रावर चालवलेल्या सायकलीत घाम नेमका हँडलच्या बोल्टांवर ठिबकतो आणि ते आतून गंजतात. एक बोल्ट सोडवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. या सायकलींचे हँडल, ब्रेक आणि सीटची दांडी बहुधा त्या-त्या कंपनीचीच बसतात. म्हणून गाद्या उंच करण्याचे ठोकळे आणि सीट आवळण्याची पाचर हे सुटे भाग मिळतात की नाही याची चौकशी सौद्यापूर्वी करावी. शेवटी विमानाच्या पेटीचा विचार. दिल्लीहून वा कोलकात्याहून गोव्याला निघालेल्या स्पर्धकाला हँडल स्वतः उतरवून परत बसवता आले पाहिजे. काही सायकलींत ते चार बोल्टांचे काम असते, तर काहींत ब्रेकची तेलाची नळीच सोडवावी लागते. कोणत्या सायकलीत काय, हे दुकानातच, पान्याने उघडवून पाहून घ्यावे.