फ्यूज कशाने उडाला?

टीव्ही दुरुस्तीच्या आठवणी निघाल्या की लोक पिक्चर ट्यूबबद्दल बोलतात, ट्यूनरबद्दल बोलतात, गच्चीवरच्या अँटेनाबद्दल तर भरभरून बोलतात. पॉवर सप्लायचं नाव कुणी काढत नाही. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरात उमेदवारी केली तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे: ज्याला सप्लाय कळला त्याला सेट कळला. आमच्यातले काही नावाजलेले मेकॅनिक या कामाला हलकं समजत. चित्र जुळवणं ही कला आणि सप्लाय म्हणजे हमाली, असा त्यांचा सूर असे. तो मला तेव्हाही मान्य नव्हता, आजही नाही.

व्हॉल्व्हच्या सेटवर फार रेंगाळत नाही. पी सिरीजचे व्हॉल्व्ह, सगळ्यांची फिलामेंट एकामागोमाग जोडलेली, ३०० मिलिअँपिअर करंट. एक तुटलं की सगळे थंड. मीटरने तुटलेलं शोधायचं, व्हॉल्व्ह बदलायचा, संपलं काम.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यात चित्र दिसू लागलं. मग ट्रान्झिस्टरचे कृष्णधवल सेट घरोघरी आले. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, फिल्टर कंडेन्सर, रेग्युलेटर ट्रान्झिस्टर आणि अकरा-बारा व्होल्टचा स्वच्छ डीसी. या सेटनी मला पडदा वाचायला शिकवलं. चित्रावरून काळसर आडवे पट्टे सरकतायत, चित्राच्या कडा नागमोडी झाल्यात, स्पीकर घुमतोय, अशी तक्रार आली की आधी पट्टे मोजायचे. चित्र सेकंदाला पन्नास वेळा वरून खाली रेखलं जातं. ब्रिज धड असेल तर त्यातून निघणारी लहर १०० हर्ट्झची, म्हणून पट्टे दोन. तेव्हा फिल्टर कंडेन्सर सुकलाय असं समजायचं. पट्टा एकच असेल तर लहर ५० हर्ट्झची, म्हणजे ब्रिजमधला एखादा डायोड ओपन. सेटची पाठ न उघडता, दूरदर्शनवर ‘गजरा’ कार्यक्रम चालू असताना, घरच्यांच्या मागे उभं राहून एवढं निदान करता येत असे.

१९८२च्या आशियाई खेळांबरोबर रंग आले आणि रंगीत सेटांतून एसएमपीएस, म्हणजे स्विच्ड मोड पॉवर सप्लाय, आमच्या टेबलावर आला. अनेक जुनेजाणते मेकॅनिक इथेच बिचकले. मला मात्र ही रचना पाहताक्षणी आवडली. मेन्सचे २३० व्होल्ट थेट ब्रिजवर, मोठ्या कंडेन्सरवर ३२५च्या आसपास डीसी, आणि चॉपर ट्रान्झिस्टर तो डीसी सेकंदाला हजारो वेळा तोडून छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमध्ये सोडतो. संध्याकाळी व्होल्टेज दीडशेपर्यंत कोसळणाऱ्या गावात स्टॅबिलायझरशिवाय सेट चालू लागले ते याच्याच जिवावर.

आणि इथेच आमच्या धंद्यात दोन तट पडले. एका तटाचं शास्त्र तीन वाक्यांचं होतं: फ्यूज उडालाय, चॉपर शॉर्ट आहे, दोन्ही बदला आणि चालू करा. नवा चॉपर फट् करून जायचा, मग तिसरा लावायचा, गिऱ्हाइकाच्या बिलात सगळे धरायचे. आमचा तट म्हणायचा की फ्यूज आणि चॉपर हे मेलेले आहेत, मारणारा अजून सेटमध्येच बसलाय. आधी फ्यूज बघा. काच आतून काळी पडली असेल तर थेट शॉर्ट आहे. नुसती तार वितळली असेल तर ओझं थोडं जास्त झालंय, किंवा फ्यूजच थकलाय.

त्यानंतर सिरीज बल्ब. शंभर वॉटचा साधा बल्ब मेन्स आणि सेट यांच्यामध्ये जोडायचा, पिक्चर ट्यूबचं चुंबकत्व घालवणाऱ्या डीगॉसिंग कॉइलचा प्लग आधी काढून ठेवायचा, नाहीतर तिच्याच करंटने बल्ब पेटून फसवतो. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर प्रायमरीत शॉर्ट: ब्रिज, मोठा कंडेन्सर नाहीतर चॉपर. क्षणभर पेटून पूर्ण विझला आणि सेट गप्पच राहिला, तर सप्लाय सुरूच होत नाहीये. तेव्हा स्टार्ट-अपचा रेझिस्टर मोजा. रात्रंदिवस तीनशे व्होल्ट सोसून तो बाहेरून नव्यासारखा दिसतो आणि आतून ओपन झालेला असतो. बंद सेटच्या मोठ्या कंडेन्सरला मात्र जपा. चालणारा सप्लाय बंद होताना तो रिकामा करतो. न चालणारा तसाच भरलेला सोडून देतो. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची मर्दुमकी मी माझ्या टेबलावर कुणाला करू दिली नाही. बल्बच्या दोन वायरी लावून तो रिकामा करायचा.

सप्लाय टिक-टिक करत अडखळत असेल तर बहुधा पुढे कुणीतरी त्याचा गळा धरलाय. लाइन सेक्शन तोडा आणि मुख्य आउटपुटवर साठ वॉटचा बल्ब लावा. तो स्थिर जळला आणि मीटरवर ११० व्होल्टच्या आसपास आकडा थांबला तर सप्लाय निर्दोष; हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा एल.ओ.टी. (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर) तपासा. आकडा १४०-१५० दाखवायला लागला तर मात्र ताबडतोब बंद करा. प्रायमरीत फीडबॅक घेणाऱ्या सप्लायमध्ये चॉपरच्या हीट सिंकशेजारी एक चिमुकला इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर असतो, एखाद्या मायक्रोफॅरडचा. उष्णतेने तो सुकतो, सप्लायला स्वतःचं आउटपुट कमी वाटू लागतं आणि तो व्होल्टेज चढवत नेतो. पुढचा आउटपुट ट्रान्झिस्टर जळतो तो यामुळे. रुपया-दोन रुपयांच्या वस्तूपायी किती एल.ओ.टी. उगाच बदलले गेले असतील! रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू व्हायला अर्धा तास असताना सेट घेऊन धापा टाकत आलेल्या कुटुंबाला हा कंडेन्सर बदलून परत पाठवण्यात जे समाधान होतं, ते पुढे कशात मिळालं नाही.

नंतर तयार आयसीवाले सप्लाय आले, मग एलसीडी, एलईडी. तिथेही तेच फुगलेले कंडेन्सर, तेच ड्राय सोल्डर. वेगळं सांगण्यासारखं थोडं आहे.

सांगावंसं वाटतं ते मधल्या काळाबद्दल. बाजारात चार-पाच वायरींचं चिनी युनिव्हर्सल मॉड्यूल आलं आणि हाताखालची पोरं विचारू लागली, “काका, अख्खा सप्लायच उडवून हे बसवू ना? दहा मिनिटांत होतंय.” होतंय खरं. पण मूळ सर्किटमधली ओव्हरव्होल्टेजची राखण त्यात गेली, आणि सेट का मेला हे बसवणाऱ्यालाही कळलं नाही. मॉड्यूलचे समर्थक म्हणतात, गिऱ्हाइकाला कारण नको, चित्र हवं. माझा अनुभव उलटा आहे. बल्ब का पेटला, कंडेन्सर कुठला सुकला, हे दाखवलं की गिऱ्हाईक खुर्ची पुढे ओढून बघत बसत असे. आज कंपन्या सर्किट डायग्राम देत नाहीत, सर्व्हिसवाला बोर्डचा नंबर वाचून “बोर्ड गेला” म्हणतो आणि बोर्डची किंमत ऐकून माणूस नवा सेट घेतो. मीटर हातात न धरता मेकॅनिक म्हणवून घेणाऱ्यांची पिढी तयार झाली, याचं मला मनापासून दुःख आहे.

जुन्या व्हिडिओ गेमच्या नादाने हल्ली काही तरुण माळ्यावरचे पिक्चर ट्यूबचे सेट खाली काढतायत. त्यांना एवढंच सांगणं: वर्षानुवर्षं पडून राहिलेला सेट थेट प्लगला लावू नका. कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो. सिरीज बल्ब घ्या, डीगॉसिंगचा प्लग काढा, स्विच टाका. बल्ब भक्क होऊन मंदावला तर मीटर घेऊन मुख्य व्होल्टेज बघा. मंदावला नाही तर लगेच बंद करा, आणि दुरुस्तीला अशा माणसाकडे न्या जो बोर्डची किंमत सांगण्याआधी तुमच्याकडे उडालेला फ्यूज मागेल.