छतावरचा पाऊण लाख लिटर पाऊस

हातात वाफाळती कॉफी, खिडकीबाहेर धो धो पाऊस... एकदम फिल्मी! पण तोच पाऊस मे महिन्यात मोगऱ्याला पाजता आला तर?

नागपूरकरांनो, जुलै 2019 आठवतोय? तोतलाडोहनं तळ गाठला आणि महापालिकेनं शहराचं पाणी एक दिवसाआड केलं. तेही ऐन पावसाळ्यात! त्याच आठवड्यात बाबांनी प्रतापनगरच्या आमच्या घरी फरशीवाल्याला बोलावलं. ‘बाग काढू, पार्किंग करू.’ आई काहीच बोलली नाही. भाजी धुतलेलं पाणी तेवढं मोगऱ्याला घालून आली.

फरशी तेव्हा टळली, पण दर उन्हाळ्यात विषय निघायचाच. शेवटी मे 2023 मध्ये मी सुट्टी टाकली आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसले.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमचं छत हजार चौरस फूट, म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. नागपुरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. हजारच धरा, वीस टक्के गळती-बाष्प सोडा, तरी पाऊण लाख लिटर! मी खूश. पाच-पाच हजारांच्या दोन टाक्या घ्यायचं ठरवून टाकलं.

प्लंबरभाऊंनी माझा कागद बघितला आणि हसले. ‘ताई, टाकी तं जुलैतच भरून जाईन. मंग बाकीच्या पान्याचं काय करसान?’

खरंच की! आमची बाग पाचशे चौरस फुटांची. कडक उन्हात तिला दिवसाला सव्वादोनशे लिटर तरी लागतात. म्हणजे दहा हजार लिटर अगदी एप्रिलपर्यंत राखून ठेवले, तरी पुरणार सहा आठवडे. आणि पासष्ट हजार लिटर वाहून जाणार रस्त्यावर.

उत्तर अंगणातच होतं. पत्र्यानं झाकलेली आमची जुनी विहीर! नळ आल्यापासून कुणी तिच्याकडे बघितलं नव्हतं. आधी गाळ काढला. मग छताचे पाइप जोडून गिट्टी, वाळू आणि कोळशाचा फिल्टर बसवला. पाणी आधी टाकीत, टाकी भरली की ओव्हरफ्लो विहिरीत.

बाबांची शंका मात्र रास्त होती. ‘जमिनीत मुरलेलं पाणी आपल्याच विहिरीत थांबेल कशावरून?’ नाहीच थांबणार. पश्चिम नागपुरात खाली बेसॉल्ट खडक आहे. त्याच्या भेगांतून पाणी पुढे सरकतं, शेजाऱ्यांच्या बोअरलाही मिळतं. आई म्हणाली, ‘मिळू दे की. त्यांच्या छताचं आपल्याला मिळेल.’

मग आली 23 सप्टेंबर 2023 ची पहाट. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस. अंबाझरी ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. आमच्या एका छतावरून त्या पहाटे सात हजारांहून जास्त लिटर पाणी उतरलं आणि विहिरीत गेलं. एका घरानं पूर थांबत नाही, मान्य. पण 2019 ला ज्या शहरात नळ कोरडे होते, त्याच शहरात हे पाणी आपण रस्त्यावर सोडतो, हे त्या दिवशी जरा जास्तच टोचलं.

पुढच्या मे महिन्यात विहीर काही काठोकाठ नव्हती. खाली गेलीच. पण टाकी आणि विहीर मिळून बाग जगली, आणि फरशीवाल्याचा नंबर बाबांनी स्वतः डिलीट केला.

तुम्हीही करताय? मग हे बघाच

- पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर सोडा. छतावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात असते.
- विहिरीत किंवा बोअरमध्ये फक्त छताचं, गाळलेलं पाणी. अंगणातलं किंवा गटाराजवळचं अजिबात नको!
- टाकीला घट्ट झाकण, ओव्हरफ्लोला बारीक जाळी. नाहीतर डेंग्यूच्या डासांना फुकटात फ्लॅट!
- झाडांच्या बुडाशी वाळका पाला पसरा, ठिबक लावा आणि पाणी संध्याकाळी द्या.
- फ्लॅटमध्ये राहता? सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा. अख्ख्या बिल्डिंगचं छत म्हणजे जॅकपॉट!

हे सगळं पावसाळ्याआधी, बरं का. ढग आले की प्लंबर फोन उचलत नाहीत!