सर्पगंधा आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या

हृदयातून निघालेले रक्त मोठ्या धमन्यांतून वेगाने वाहते. परंतु हातापायांना, त्वचेला व निरनिराळ्या इंद्रियांना त्यातील किती वाटा मिळावा, हे बव्हंशी सूक्ष्म धमन्यांवर अवलंबून असते. केसाइतक्या किंवा त्याहूनही बारीक अशा या वाहिन्यांच्या भित्तींत स्नायूंचे वेढे असतात. ते आवळले की वाहिनीचा मार्ग अरुंद होतो, सैलावले की रुंद होतो. मार्गाची त्रिज्या निम्मी झाली, तर तितक्याच दाबाखाली त्यातून पूर्वीच्या केवळ सोळावा हिस्सा रक्त जाऊ शकते. अशा असंख्य वाहिन्या एकाच वेळी आवळलेल्या राहिल्या, म्हणजे हृदयाचे श्रम वाढतात आणि रक्तदाब चढतो. या वाहिन्या सैल करणारे एक प्रभावी द्रव्य सर्पगंधा या भारतीय वनस्पतीत सापडले.

सर्पगंधा हे करवीर कुलातील एक लहानसे झुडूप होय. हिमालयाच्या पायथ्याशी, आसामात व पश्चिम घाटात दमट, सावलीच्या जागी ते उगवते. त्याची मुळी फार कडू असते. निद्रानाश, उन्माद व सर्पदंश यांवर ती देण्याची रीत जुनी असून, बिहारमध्ये तिला ‘पागल की दवा’ असेच नाव पडले होते. सर्पदंशावरील तिचा गुण मात्र प्रयोगांनी सिद्ध झालेला नाही. दंश झालेल्या मनुष्यास प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयातच विनाविलंब नेले पाहिजे.

१९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने उन्माद शमतो व रक्तदाब उतरतो, असे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी व त्यांचे सहकारी यांनी मुळीतील अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ हे नाव मिळाले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील आपली निरीक्षणे एका ब्रिटिश नियतकालिकात मांडली, तेव्हा जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे तिच्यातून ‘रेसर्पीन’ हे अल्कलॉइड मिळाले.

रेसर्पीनचे कार्य असे चालते. रक्तवाहिन्यांपाशी येणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन नावाचे द्रव्य सूक्ष्म पिशव्यांत साठविलेले असते. ते बाहेर पडले की स्नायू आवळतात. रेसर्पीनमुळे या पिशव्या भरेनाशा होतात व साठा हळूहळू संपतो; मग आवळण्याची आज्ञाच क्षीण होते आणि वाहिन्या सैल पडतात. हे औषध घेणाऱ्याचे नाक पुष्कळदा चोंदते, कारण नाकाच्या अस्तरातील वाहिन्याही रुंदावून रक्ताने भरतात.

परंतु हेच द्रव्य मेंदूतील साठेही रिते करते. उन्माद शमविण्याचा गुण तेथूनच येतो, आणि मात्रा अधिक झाल्यास ग्लानी व मनाची खिन्नता हे दोषही तेथूनच उद्भवतात. रेसर्पीनची नित्याची मात्रा पाव मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी असते. मुळीतील त्याचे प्रमाण स्थळ व ऋतू यांप्रमाणे पालटते. त्यामुळे चिमूटभर चूर्णात ते किती आहे, हे जिभेला वा डोळ्याला कळत नाही. म्हणून वैद्यकीय सल्ल्यावाचून ही मुळी घेणे धोक्याचे आहे. आज रक्तदाबावर बहुधा इतर औषधे दिली जातात.

औषधासाठी मुळी खणली की झाड मरते. अतिरेकी खणतीमुळे रानांतील सर्पगंधा विरळ झाली, आणि १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. रानावरचा हा भार कमी करावयाचा, तर तिची लागवड वाढविली पाहिजे. परंपरेने मुळीचा गुण ओळखला आणि प्रयोगशाळेने त्याचे कारण व माप शोधले. ती वनस्पती टिकविण्याचे काम मात्र अद्याप आपल्यापुढे आहे.