वीस मिनिटं काही नाही, मग तीन एकदम

थांब्यावरच्या बाकाची फळी निघालेली होती, म्हणून सगळे उभेच होते. मी वही काढून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा टिपत होतो. शेजारच्या मावशींनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही चेकिंगवाले का?"

नाही म्हटलं.

"मग लिहून काय होणार?"

त्या चार घरची कामं करतात. तिसऱ्या घरी साडेसहाला पोचायचं असतं आणि उशीर झाला की तिथल्या बाई घड्याळाकडे बघतात, तोंडाने काही बोलत नाहीत. "त्यापेक्षा बोललेलं बरं," मावशी म्हणाल्या.

वहीत त्या दिवशीच्या वेळा अशा आहेत: ६.०४, ६.२८, ६.३०, ६.३४. एकाच नंबरच्या गाड्या, एकाच दिशेच्या. वेळापत्रकात ही गाडी दर दहा मिनिटांनी आहे. शहरात राहणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. थांब्यावर मात्र दोनच निदानं ऐकू येतात: "ड्रायव्हर लोक टपरीवर गप्पा मारत बसतात आणि मग एकदम निघतात", नाहीतर "गाड्याच कमी आहेत". दोन्हींत थोडं तथ्य असेलही. पण चालक शिस्तीचे असले आणि गाड्या पुरेशा असल्या, तरी तीन गाड्या एकमेकींना चिकटतातच. का, ते समजून घ्यायला नुसती बेरीज-वजाबाकी येत असली तरी पुरे.

धरून चालू की आपल्या मार्गावर प्रत्येक थांब्यावर मिनिटाला एक माणूस येऊन उभं राहतं. एका माणसाला चढायला, पिशवी सावरायला आणि मागच्याला वाट द्यायला सहा सेकंद लागतात. गाड्या बरोब्बर दहा मिनिटांनी धावत असतील, तर प्रत्येक गाडीला प्रत्येक थांब्यावर दहा माणसं मिळतात आणि ती तिथे साठ सेकंद थांबते. सगळं सुरळीत.

आता एका गाडीला वाटेत वरात आडवी आली. तीन मिनिटं गेली. पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी दहा नव्हे, तेरा माणसं उभी आहेत. ती अठ्ठ्याहत्तर सेकंद थांबते, म्हणजे आणखी अठरा सेकंद उशीर. त्यापुढच्या थांब्यावर त्या अठरा सेकंदांचंही व्याज चढतं. तिच्या मागची गाडी वेळेवर आहे, पण तिच्या वाट्याला सातच मिनिटांची माणसं आली. सात माणसं, बेचाळीस सेकंद, आणि ही निघाली. म्हणजे एकेका थांब्याला पुढची आणि मागची यांच्यातलं अंतर छत्तीस सेकंदांनी कमी होतंय, आणि हा आकडासुद्धा दर थांब्याला वाढतो आहे. हिशेब पुढे चालवला तर आठव्या थांब्यापाशी मागची गाडी पुढचीला गाठते. पुढचीचा तीन मिनिटांचा उशीर तोवर सहाच्या वर गेलेला असतो. पुढची खचाखच, मागची अर्धी रिकामी. यात कुणाचाही कामचुकारपणा नाही. वरात तर केव्हाच आपल्या वाटेने निघून गेली.

हा प्रकार कागदावर मांडणारा जुना निबंध नेवेल आणि पॉट्स या दोन संशोधकांचा, १९६४ सालचा. त्यांनी दाखवलं ते एवढंच, की मोकळं सोडलं तर बसचं वेळापत्रक आपोआप सावरत नाही, आपोआप विस्कटतं. आगगाडी पुढचीला अशी चिकटत नाही, कारण तिला सिग्नल मागे धरून ठेवतो. बसला कुणी धरत नाही.

आता माझ्या वहीतल्या वेळांकडे परत येऊ. ६.०४ नंतर ६.३४ पर्यंतच्या अर्ध्या तासात तीन गाड्या आल्या. दर दहा मिनिटांनी एक, हा हिशेब कार्यालयात बसून बघितला तर पूर्ण जुळतो. ठरलेल्या फेऱ्या झाल्या, किलोमीटर भरले. पण चोवीस मिनिटांच्या पोकळीत किती माणसं आली? माणसं जर सारखी येत राहिली, तर शंभरातली ऐंशी. त्यांनी सरासरी बारा मिनिटं वाट पाहिली. उरलेल्या वीस जणांनी मिनिट-दोन मिनिटं. सगळ्यांची सरासरी काढली तर जवळजवळ दहा मिनिटं येते. त्याच तीन गाड्या समान अंतराने आल्या असत्या तर पाच आली असती. एकही नवी गाडी न घेता, एक लिटर डिझेल जास्त न जाळता, थांब्यावरचा वेळ निम्मा होऊ शकला असता.

म्हणून मी म्हणतो, की शहराच्या बससेवेत आधी बघायची गोष्ट म्हणजे दोन गाड्यांमधलं अंतर. गाड्यांची संख्या त्यानंतर. संख्या नको असं नाही, हवीच. पण अंतर न सांभाळता गाड्या वाढवल्या की तीनऐवजी चार एकदम येतात.

मग अंतर सांभाळायचं कसं? वरच्या हिशेबात दुखणं कुठे शिरलं ते पाहा: माणसामागे सहा सेकंद. ते तीनवर आले तर मागची गाडी पुढचीला गाठायला जवळजवळ दुप्पट थांबे लागतात, आणि तोवर बऱ्याच मार्गांवर शेवटचा थांबा येतो. म्हणजे चढण्याचा वेळ कमी करणं हा पहिला इलाज. तो दिसतो पायरीत.

आपल्याकडे शहरी बसच्या मजल्याची उंची सरकारी मानकांत तीन प्रकारची सांगितली आहे: जमिनीपासून ४०० मिलिमीटर, ६५० आणि ९००. नऊशेच्या गाडीत चढताना गुडघेदुखीच्या माणसाला आधी दांडा पकडावा लागतो, मग एक पाय, मग दम, मग दुसरा पाय. साडी, कडेवर मूल किंवा हातात भाजीची पिशवी असली की आणखी वेळ. चारशेच्या गाडीच्या दारात पायऱ्याच नसतात. दारातून सरळ आत. अशी गाडी म्हणजे दिव्यांगांची सोय, आणि म्हणून खर्चिक चोचला, असं कुजबुजत बोलणारे अधिकारी मी पाहिले आहेत. त्यांनी एकदा घड्याळ लावून बघावं. आजोबांना सोपं जातं तिथे मागच्या अकरा जणांचाही वेळ वाचतो.

पण सखल मजल्याची गाडी घेतली आणि काम झालं, असंही नाही. पदपथाची उंची साधारण १५० मिलिमीटरपर्यंत असावी असा रस्त्यांचा नियम आहे. गाडी पदपथाला टेकून उभी राहिली तर पायरी उरते २५० ची, म्हणजे घरच्या जिन्याच्या पायरीहून जास्तच. गाडी टेकत नाही, कारण थांब्यासमोर तीन रिक्षा, एक पाणीपुरीची गाडी आणि "दोन मिनिटांत आलोच" म्हणून लावलेली मोटार असते. मग बस रस्त्याच्या दुसऱ्या रांगेत उभी राहते, माणसं पदपथावरून खाली उतरून दुचाकी चुकवत तिच्याकडे धावतात आणि पुन्हा ४०० चढतात. चाकाच्या खुर्चीसाठी दारातून जी फळी टाकतात, ती पदपथावर टेकली तर उतार सौम्य असतो. डांबरावर टेकली की तिची घसरगुंडी होते, आणि मदतीला दोन माणसं नसतील तर तो प्रवासी पुढच्या गाडीची वाट बघतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि थांबे व वाहनं सगळ्यांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी त्याच्या ४१ व्या कलमाने सरकारवर टाकली आहे. त्या जबाबदारीत थांब्यासमोरच्या तीन रिक्षाही येतात, असं मला वाटतं.

पायरीच्या या अडचणीवर ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहराने १९९१ पासून एक तोड काढली: नळकांड्यासारखे बंदिस्त थांबे, गाडीच्या मजल्याइतकेच उंच. तिकीट आधीच काढून आत यायचं, गाडी आली की सपाटीवरून चालत चढायचं. अहमदाबादची जनमार्ग बससेवा २००९ मध्ये त्याच तत्त्वावर सुरू झाली, आणि पुण्यात २०१५ पासूनच्या बीआरटीत, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गिकांवर, रस्त्याच्या मधोमध थांबे व गाडीला उजव्या बाजूने दारं आली. पुण्याच्या बीआरटीचं पुढे काय झालं, कुठे मार्गिका उरली आणि कुठे उखडली, हा वेगळा आणि भांडणाचा विषय आहे. तिच्यावर बोलताना सगळे मोकळ्या मार्गिकेबद्दल बोलतात. सपाट चढण्याने वाचणाऱ्या सेकंदांबद्दल कुणी बोलत नाही.

तिकिटाच्या बाबतीत मात्र आपण वाटतो तितके मागे नाही. लंडनच्या बसमध्ये पैसे चालकाकडे द्यावे लागत, एकेकाच्या सुट्ट्यासाठी अख्खी गाडी उभी. तिथे जुलै २०१४ मध्ये बसमधली रोकड बंदच केली. आपल्याकडे कंडक्टर गाडी चालू असताना तिकिटं फाडतो, त्यामुळे दारात पैशांसाठी खोळंबा होत नाही. खोळंबा होतो तो गर्दीत. टप्पा बदलायच्या आत सगळ्यांची तिकिटं झाली नाहीत, तर कंडक्टर एक बेल देऊन गाडी कडेला घ्यायला लावतो आणि डबल बेल देईपर्यंत ती हलत नाही. पास, कार्ड, मोबाइलवरचं तिकीट यांचा खरा फायदा इथे आहे. वाहक काढून टाकून पैसे वाचवू म्हणणाऱ्यांनी मात्र जपून. पैसे घ्यायचं काम चालकाच्या दारात आलं, की लंडनने सोडवलेली अडचण आपण विकत घेऊ.

दुसरा इलाज म्हणजे गाडीला मुद्दाम धरून ठेवणं. डेपोत किंवा शेवटच्या थांब्यावरच्या चौकीत स्टार्टर बसतो. त्याच्या वहीत गाडी कधी आली, कधी सोडायची ते असतं. तीन गाड्या चिकटून आल्या तर त्याने त्या पुन्हा सुट्या करून सोडायच्या. हे साधं काम बिघडतं ते फेरीला दिलेल्या वेळेमुळे. ही वेळ अनेकदा फार पूर्वी ठरवलेली असते. मधल्या काळात वाहनं वाढली, उड्डाणपूल आला, मेट्रोसाठी रस्ता खणला, पण फेरी कागदावर पन्नास मिनिटांचीच. गाडी पोचते सत्तर मिनिटांनी. परतीची वेळ टळून गेलेली असते, म्हणून चालकाने चहाही न घेता गाडी वळवायची, नाहीतर परतीची फेरी उशिरा काढायची. त्याला लघवीला जायला पाच मिनिटं लागतात, हे वेळापत्रक करणाऱ्याच्या कोष्टकात बसत नाही. शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटं मोकळी ठेवली तर कागदावर फेऱ्या कमी दिसतात. पण ज्या फेऱ्या होतात त्या खऱ्या होतात.

आता बऱ्याच गाड्यांत जीपीएस असतं. कुठली गाडी कुठे आहे ते नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर ठिपक्यांनी दिसतं. दोन ठिपके चिकटले की मागच्या चालकाला मध्येच एखाद्या थांब्यावर दोन मिनिटं उभं राहायला सांगता येतं. लंडनमध्ये तशी घोषणाच गाडीत होते. आतल्या प्रवाशांना राग येतो, साहजिक आहे. पुढच्या थांब्यांवर उभ्या असलेल्यांना मात्र ती दोन मिनिटं पावतात, आणि ते संख्येने जास्त असतात.

मग हे होत का नाही? मला सापडलेलं उत्तर पैशांच्या हिशेबात आहे. मुंबई-पुण्यात बऱ्याच गाड्या आता ठेकेदारांच्या आहेत आणि त्यांना पैसे मिळतात किलोमीटरवर. तीन गाड्या चिकटून धावल्या काय आणि सुट्या धावल्या काय, किलोमीटर तेवढेच, बिल तेवढंच. मागची रिकामी गाडी दोन मिनिटं थांबवण्यात ठेकेदाराचा फायदा शून्य. लंडनमध्ये, जिथे तासाला पाच किंवा जास्त गाड्या असतात अशा मार्गांवर, वेळापत्रकातल्या मिनिटांपेक्षा प्रवाशाने किती जादा वाट पाहिली हे मोजतात आणि त्यावर ठेकेदाराचं बक्षीस-दंड ठरतं. आपल्या करारांत ही एक ओळ घालायला नवी गाडी लागत नाही.

त्या संध्याकाळी ६.२८ ची गाडी आली तेव्हा दार बंद होईना इतकी भरली. कंडक्टर ओरडत होता, "मागनं रिकामी येतेय!" कुणी ऐकलं नाही. चोवीस मिनिटं उभ्या राहिलेल्या माणसाने त्याच्यावर का विश्वास ठेवावा? मावशीही त्याच गाडीत घुसल्या, एक पाय पायरीवर. दोन मिनिटांनी आलेल्या गाडीत मी डोकावलो, तर अकरा सीट मोकळ्या होत्या.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा देता आलं नाही, ते इथे देतो. तक्रार करताना "गाड्या वेळेवर येत नाहीत" असं लिहू नका, त्यावर "दखल घेतली आहे" एवढंच उत्तर येतं. मार्ग क्रमांक, थांब्याचं नाव, तारीख आणि लागोपाठच्या चार गाड्यांच्या वेळा लिहा. जीपीएसची नोंद बस चालवणाऱ्या संस्थेकडे असते, ती उघडून बघावी लागेल असं लिहा.