वजनाइतकीच वेळही खरी असावी

दसऱ्यानंतर लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढते, तर संक्रांतीच्या सुमारास तुरीची. परिसरातील डाळमिलांमुळे येथील भावाकडे साऱ्या मराठवाड्याचे लक्ष असते. नांदेडकडे कापूस, हळद आणि अर्धापूरची केळी यांवर बाजार चालतो. दोन्ही जिल्ह्यांचे अर्थकारण शेतमालावर उभे असल्याने व्यापाऱ्याची सचोटी ही येथे केवळ खासगी बाब राहत नाही. तिच्यावर अनेकांच्या चुली अवलंबून असतात.

सचोटी म्हटली की प्रथम वजनकाटा आठवतो आणि ते योग्यच आहे. तत्त्वार्थसूत्रात कमी-अधिक मापाचा वापर हा अचौर्याणुव्रताचा अतिचार मानलेला आहे. क्विंटलमागे किलोभर कडता कापणाऱ्यास समाज आजही नावे ठेवतो. मात्र मालाचे पैसे महिनाभर थकवणाऱ्यास सहसा कोणी काही म्हणत नाही. उलट भांडवल फिरवण्यात तो हुशार आहे, असे त्याचे कौतुकच होते.

येथे साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका शेतकऱ्याने २० क्विंटल सोयाबीन ४,५०० रुपये भावाने विकले. रक्कम झाली ९०,००० रुपये. क्विंटलमागे एक किलो कडता धरल्यास त्याचे २० किलोचे, म्हणजे ९०० रुपयांचे नुकसान होते. आता वजन चोख झाले, परंतु पैसे एक महिना उशिरा मिळाले, असे समजू. तेवढ्या काळासाठी त्याला द.सा.द.शे. १२ दराने कर्ज काढावे लागल्यास व्याज होते ९०० रुपये. तोटा तोच, एक डोळ्यांस दिसतो, दुसरा दिसत नाही. थकवलेली रक्कम म्हणजे दुर्बलाकडून त्याच्या संमतीविना घेतलेले बिनव्याजी कर्जच होय.

लघुउद्योगांच्या बाबतीत कायद्याने ही गोष्ट ओळखली आहे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय प्राप्तिकरात वजावटीस पात्र ठरत नाही. शेतकऱ्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. माल गोदामात ठेवून कर्ज मिळाल्यास पडत्या भावात विकण्याची घाई टळते. ही माहिती शेतकऱ्यास व्यापाऱ्यानेच आपणहून दिली, तर विश्वास दृढ होईल.

तिसरा धनको म्हणजे हमाल. त्याच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा झाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचविली होती. आपल्या आचारपरंपरेत तर अतिभारारोपण, म्हणजे शक्तीपलीकडे ओझे लादणे, हा अहिंसाणुव्रताचाच अतिचार आहे. जड पोते आणि थकलेली मजुरी ही दोन्ही ओझी एकाच पाठीवर पडतात.

दिवाळीत वहीपूजन होते, तेव्हा नेमका सोयाबीनचा हंगाम भरात असतो. नवी वही उघडण्यापूर्वी जुन्या वहीतील देण्यांचे पान एकदा वाचावे. ज्यांचे येणे लहान आहे, त्यांची नावे आधी चुकती करावीत. मोठा धनको थांबू शकतो. लहानाच्या घरी मात्र त्याच पैशावर सण ठरतो.